शोधून देणारा माणूस

मोबाइलवर ‘वणी’ एवढेच लिहून शोध घेतला की नाशिक जिल्ह्यातली वणी मध्ये येते. दिंडोरी तालुका, सप्तशृंगीचा गड, चैत्रातली यात्रा. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीच्या शाळेत आठवीत शिकणाऱ्या, ‘माझ्या गावाचा इतिहास’ या प्रकल्पासाठी चार पाने भरायची असलेल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. तो पुढे ‘यवतमाळ’ जोडून पुन्हा शोधतो. आता कोळसा खाणींच्या बातम्या, कापसाचे भाव, प्लॉटच्या जाहिराती आणि रेल्वेचे वेळापत्रक मिळते. इतिहास काही मिळत नाही. खरे तर तो इंटरनेटवरच आहे आणि फुकट आहे. पण इंग्रजी अमदानीतल्या पुस्तकांत या गावाचे स्पेलिंग ‘डब्ल्यू-यू-एन’ असे तीन अक्षरांचे आहे. १९०५ मध्ये वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना होऊन ‘यवतमाळ’ हे नाव मिळेपर्यंत अख्खा जिल्हाच त्या तीन अक्षरांनी ओळखला जात होता. इम्पीरिअल गॅझेटिअर उघडायचे ते त्याच अक्षरांवर. शिकागो विद्यापीठाच्या ‘डिजिटल साउथ एशिया लायब्ररी’त ते घरबसल्या वाचता येते.

मुलाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. वर्गशिक्षकाच्या अंगावर सहा तासिका आणि दोन तुकड्यांचे पेपर असतात. फोन तर विचारले तेवढ्याचेच उत्तर देतो. ‘तुला दुसरेच काही विचारायचे होते’ असे तो म्हणत नाही. हे काम ज्याचे आहे असे शाळेत एकच पद आहे. ते ग्रंथपालाचे.

शाळेचा ग्रंथपाल ऑनलाइन साधने हाताशी धरून विद्यार्थ्यांपर्यंत आणि सहकारी शिक्षकांपर्यंत कसा पोचतो आणि कुठे अडतो, हा पुढच्या पानांचा विषय आहे. साधनांच्या याद्या कुठेही मिळतात आणि वर्षभरात जुन्याही होतात. म्हणून या प्रस्तावनेत भर साधनांमागच्या माणसावर आहे. इंटरनेटने वाचण्याजोगे साहित्य अफाट वाढवले, आणि त्यामुळेच त्यातले नेमके निवडून ओळखीच्या मुलाच्या हाती देणाऱ्याची गरज पूर्वीपेक्षा जास्त झाली. नेमक्या याच काळात बऱ्याच शाळांत ते पद रिकामे किंवा अर्धवेळ राहिले. हा विरोधाभास लक्षात न घेता ‘डिजिटल ग्रंथालय’ या विषयावर बोलणे म्हणजे अर्धेच बोलणे.

महाराष्ट्रातल्या अनुदानित माध्यमिक शाळांत विद्यार्थी हजाराच्या पुढे असतील तर पूर्णवेळ आणि पाचशे ते हजारच्या दरम्यान असतील तर अर्धवेळ ग्रंथपाल, असा ठोकताळा वर्षानुवर्षे चालत आला. अर्धवेळांना पूर्णवेळ करा, या मागणीसाठी निवेदने झाली, धरणे झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत तर हे पदच नाही. पुस्तकांच्या कपाटाची किल्ली एखाद्या शिक्षकाकडे असते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेत ग्रंथालय असावे, त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तके असावीत, असे स्वच्छ लिहिले आहे. ग्रंथपाल हा शब्द त्या ओळीत नाही. २०१८ पासून समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांना ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांची तरतूद झाली. ती पुस्तकांसाठी आहे. पुस्तके येतात, दाखल नोंदवहीत त्यांना क्रमांक मिळतो आणि पुष्कळदा ती कपाटातच राहतात.

आणि जिथे ग्रंथपाल आहे, तिथे ‘ऑनलाइन काम’ म्हणजे काय? शालार्थमधली पगाराची बिले, यू-डायसची माहिती, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारची जुळणी. संगणक नीट चालवता येतो तो ग्रंथपालाला, म्हणून ही सगळी कामे त्याच्या टेबलावर येतात, आणि देवघेवीच्या वेळी काउंटरवर कुणी नसते. ग्रंथालयाला खरोखर ऑनलाइन करायचे असेल तर पहिले पाऊल कोणतेही ॲप घेण्याचे नाही. मुख्याध्यापकांनी हा बोजा दुसरीकडे वाटून देण्याचे आहे. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात कीथ करी लान्स आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी या संदर्भात आजही वाचण्यासारखी आहे. शाळेच्या ग्रंथालयात संग्रह आणि माणूसबळ पुरेसे असेल तिथे मुलांचे गुण चांगले असल्याचे तिच्यात दिसले, आणि घरच्या आर्थिक स्थितीचा फरक वजा केल्यावरही हे नाते टिकले. तिथेही पुस्तकांच्या जोडीने माणसे मोजली होती.

वाचक येईल म्हणून वाट न पाहता ग्रंथालयानेच त्याच्याकडे जायचे, ही कल्पना इंटरनेटच्या खूप आधीची आहे आणि मराठी माणसाला ती परकी नाही. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये विल्यम ॲलनसन बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतले आणि संस्थानभर मोफत वाचनालयांचे जाळे उभे केले. खेड्यांकडे पुस्तकांच्या लाकडी पेट्या जात. एका गावाचे वाचून झाले की पेटी परत फिरे आणि दुसरी येई. अक्षरओळख नसलेल्यांसाठी दृश्य शिक्षणाची वेगळी शाखा होती. ती जादूच्या कंदिलावर चित्रे आणि पुढे चलच्चित्रेही दाखवी. १९१२ मध्ये सुरू झालेल्या ‘लायब्ररी मिसलनी’ या तिथल्या नियतकालिकात इंग्रजी आणि गुजरातीबरोबर मराठी विभागही होता. फिरती पेटी, पडद्यावरचे चित्र, वाचकापर्यंत जाणारी बातमी: आज दुवा, व्हिडिओ आणि संदेश जे करतात ते सगळे त्या यंत्रणेत होते. पण बडोद्याची पेटी कुणीतरी विचार करून भरलेली असे. अमुक गावाला शेतीची पुस्तके, तमुक गावाला मुलांची. सकाळी ग्रुपवर आलेले चाळीस दुवे तसेच पुढे ढकलणे म्हणजे पेटी हाताला लागेल त्याने भरणे.

महाराष्ट्राने याचा मोठा प्रयोग महामारीत पाहिला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि राज्याच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाने व्हॉट्सॲपवरून रोजची अभ्यासमाला सुरू केली. पाठ्यपुस्तकांच्या पीडीएफ बालभारतीने आधीच खुल्या ठेवल्या होत्या. पानांवरचे क्यूआर कोड २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’कडे नेत होते. अवांतर वाचनासाठी सगळ्यात मोलाचा ठरावा असा उपक्रम होता ‘गोष्टींचा शनिवार’. परिषद, युनिसेफ आणि प्रथम बुक्स यांनी मिळून दर शनिवारी मुलांच्या वयाप्रमाणे गोष्ट पाठवायची, असे त्याचे रूप होते. गोष्टी येत ‘स्टोरीविव्हर’वरून. प्रथम बुक्सने २०१५ मध्ये उघडलेल्या या भांडाराचा परवानाच खुला आहे, त्यामुळे तिथली गोष्ट वाचता येते, छापता येते, दुसऱ्या बोलीत उतरवताही येते.

उपक्रम उत्तम होता. त्याची मर्यादा साखळीची होती. परिषदेच्या पुण्यातल्या कार्यालयातून निघालेला दुवा जिल्हा, तालुका, केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक आणि वर्गशिक्षक अशा पायऱ्या उतरत पालकाच्या फोनवर येतो आणि सगळ्यांना एकच येतो. देशाच्या ग्रामीण भागात घरी स्मार्टफोन असलेल्या मुलांचे प्रमाण २०१८ मध्ये ३६.५ टक्के होते आणि २०२१ मध्ये ६७.६ टक्के झाले, असे ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत नोंदले आहे. त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे: घरी स्मार्टफोन असूनही २६.१ टक्के मुलांच्या हाती तो कधीच येत नव्हता. घरात फोन असणे आणि मुलाने गोष्ट वाचणे यांच्यामधले अंतर पुण्यातून दिसत नाही, गावातून दिसते.

वणीत ते कसे दिसते? हे गाव वर्धा खोऱ्यातल्या कोळसापट्ट्यात आहे. आसपास वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, राजूरकडे चुनाभट्ट्या, बाकी कापसाचे रान. मारेगाव आणि झरी-जामणी हे तालुके लागून, तेलंगणाची सीमा जवळ. खाणींमुळे बाहेरच्या राज्यांतली कुटुंबे इथे स्थिरावली. त्यामुळे एकाच वर्गात घरी वऱ्हाडी, हिंदी, तेलुगू, गोंडी किंवा कोलामी बोलणारी मुले शेजारी शेजारी बसू शकतात. घरातला एकुलता चांगला फोन बहुधा वडिलांचा. ते पाळीवर गेले की फोनही पाळीवर जातो. अशा घरासाठी दुपारी दोनला टाकलेला संदेश वाया गेल्यातच जमा. रात्री वडील परत येईपर्यंत तो शंभर संदेशांखाली गाडला जातो. कोणत्या कुटुंबाची कोणती पाळी, हे ग्रंथपालाने मुलांना एकदा विचारून घेतले तरी पोचण्याची वेळ ठरवता येते.

दुसरी अडचण एसटीची. खेड्यांतून येणाऱ्या मुली मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसने किंवा पासवर येतात. शाळा सुटल्याची घंटा झाली की त्या थेट बसकडे धावतात. ग्रंथालयात रेंगाळायला त्यांच्याकडे पाच मिनिटेही नसतात. मधल्या सुट्टीत डबा, पाण्याची रांग आणि मैत्रिणी. म्हणजे वाचण्याची सगळ्यात जास्त ओढ असणाऱ्या मुलीच्या आणि कपाटाच्या मध्ये बसचे वेळापत्रक उभे राहते. इथे एक साधा गूगल फॉर्म कामाचा ठरतो. त्यात चारच प्रश्न हवेत: नाव, वर्ग आणि तुकडी, काय वाचायचे आहे, मागचे पुस्तक कसे वाटले. संध्याकाळी घरून भरलेला फॉर्म सकाळी ग्रंथपालाच्या शीटमध्ये ओळीने दिसतो. पहिली तासिका सुरू होण्याआधी पुस्तके तुकडीवार काढली, वर्गप्रतिनिधीच्या हाती दिली, नोंद केली, की मुलगी बस न चुकवता पुस्तक घेऊन जाते.

तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरांतच ग्रंथपालाचे खरे काम असते. मुले तिथे पुस्तकाचे नाव लिहीत नाहीत. ‘मॅडम, थे भुताचं पुस्तक आलं का?’ असे लिहितात. ‘लहान द्या’ असे लिहितात. ‘मागच्यासारखं’ एवढेच लिहितात. शोधयंत्राला यातले काही कळणार नाही. मागच्या महिन्याची देवघेव आणि त्या मुलीचा चेहरा आठवणाऱ्या माणसाला कळते. ‘लहान द्या’ म्हणणाऱ्याला कदाचित वाचायला अडखळते, आणि ते त्याला सगळ्यांसमोर म्हणायचे नाही. फॉर्मने त्याला ती आडोशाची जागा मिळवून दिली. ऑनलाइन साधनाचा याहून चांगला उपयोग सांगणे कठीण आहे.

आवाज हे दुसरे असेच स्वस्त साधन. मिनिटभराचा ध्वनिसंदेश काही शे किलोबाइटांत बसतो, तेवढ्याच वेळेचा व्हिडिओ काही एमबी खातो. जिथे रेंज आत-बाहेर करते तिथे हा फरक निर्णायक असतो. शिवाय ध्वनिसंदेश लिहिता-वाचता न येणारी आजीही ऐकते. पंखा बंद करावा, खिडकी लावावी, फोन तोंडापासून वीतभर दूर धरावा आणि पुस्तकातला असा उतारा वाचावा की जिथे थांबल्यावर पुढे काय झाले हे विचारावेसेच वाटेल. शेवटी पुस्तकाचे नाव, कपाटाचा क्रमांक आणि ‘तीन प्रती आहेत’ एवढे सांगून संपवावे. मुखपृष्ठाचा फोटो सोबत. ज्या घरी मराठी ही दुसरी भाषा आहे, तिथल्या मुलाला मजकूर वाचण्याआधी तो कानावर पडला तर पुढचे वाचन सोपे जाते, म्हणून खाणपट्ट्यातल्या शाळेत या पद्धतीला जास्त महत्त्व द्यायला हवे.

कपाटातली पुस्तके संपली की पुढे काय, याचे उत्तर आता चांगले आहे. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ मध्ये सुरू झाले. त्याचे जुने अंक स्कॅन करून मोफत वाचायला ठेवले आहेत. पन्नास वर्षांच्या मराठी बालवाङ्मयाचा हा खजिना शाळाशाळांच्या भिंतींवर क्यूआर कोडच्या रूपाने लागायला हवा होता. राष्ट्रीय पुस्तक न्यासाचे ‘राष्ट्रीय ई-पुस्तकालय’ २०२४ मध्ये आले. त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांतली मुलांची पुस्तके आहेत. वरच्या वर्गांसाठी खरगपूरच्या आयआयटीने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. क्यूआर कोडबद्दल मात्र एक सावधगिरी. काही संकेतस्थळे चाचणीपुरते चालणारे कोड देतात आणि महिन्याभराने पैसे मागतात. भिंतीवर चिकटवलेला कागद तसाच राहतो, कोड मरतो. पत्ता थेट आत बसवलेला साधा कोड फुकट तयार होतो आणि तो पत्ता चालू असेपर्यंत कोडही चालतो. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. २०२० च्या ‘ग्लोबल टीचर प्राइझ’मुळे ते जगभर पोचले. त्यांच्या कामातून ग्रंथपालाने घ्यावी अशी गोष्ट म्हणजे, कोड जिथे मुलाचे बोट आधीच आहे तिथे, त्या पानावर लावला होता. ग्रंथालयाच्या दारावर लावलेला कोड जो दारापर्यंत येतो त्यालाच दिसतो. बसथांब्यावर, पाण्याच्या टाकीपाशी, प्रयोगशाळेच्या टेबलावर लावला तर गोष्ट वेगळी.

विद्यार्थ्यांबद्दल इतके बोलले जाते की शिक्षक राहून जातात. ग्रंथपालाचा अर्धा वाचकवर्ग शिक्षक-खोलीत बसतो आणि त्याला तिथे फार क्वचित वाचक म्हणून पाहिले जाते. शाळेच्या कर्मचारी ग्रुपवर परिपत्रके, सुप्रभात आणि वाढदिवस यांची गर्दी असते. तिथे टाकलेले पुस्तकाचे नाव कुणी पाहत नाही. त्यापेक्षा घटक-नियोजन हाती घ्यावे आणि अमुक शिक्षिकेचा अमुक धडा येत्या सोमवारी आहे हे पाहून शुक्रवारी तिच्या एकटीच्या फोनवर तीन गोष्टी पाठवाव्यात. भूगोलात खनिजे शिकवायची आहेत. मराठी विश्वकोशातली दगडी कोळशावरची नोंद, ग्रंथालयातल्या एका पुस्तकाचा दाखल क्रमांक आणि वर्धा खोऱ्यातल्या कोळसापट्ट्याचा नकाशा. ज्या मुलांचे वडील त्याच कोळशावर काम करतात, त्यांच्यासमोर हा धडा आसाम-झारखंडच्या यादीत का संपवायचा? मराठीच्या शिक्षकासाठी मोल्सवर्थचा कोश आणि दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ हे दोन्ही शिकागोच्या त्याच डिजिटल ग्रंथालयात शोधता येतात. वऱ्हाडी मुलाने निबंधात लिहिलेला शब्द लाल शाईने खोडण्याआधी तो कोशात आहे का, हे अर्ध्या मिनिटात पाहता येते. आणि बदली तासिका! शिक्षक रजेवर असला की ऐनवेळी दुसऱ्याला वर्गावर पाठवतात. अशा पस्तीस मिनिटांसाठी वाचून दाखवायची एक गोष्ट, तिच्यावरचे चार प्रश्न आणि पुस्तकाचा पत्ता असे संच ग्रंथपालाने ड्राइव्हवर इयत्तेनुसार तयार ठेवले तर वर्षभरात त्याचे आभार मानणारे दहा शिक्षक तयार होतात. पुढे ग्रंथालय तासिका वेळापत्रकातून काढण्याची गोष्ट निघाली की तेच दहा जण बोलतात.

संगणकीकृत सूचीबद्दल थोडक्यात. ‘कोहा’ हे मुक्त सॉफ्टवेअर न्यूझीलंडच्या होरोव्हेनुआ भागातल्या ग्रंथालयांसाठी लिहिले गेले आणि २००० च्या जानेवारीत सुरू झाले. जुनी प्रणाली नव्या शतकाची तारीख ओळखणार नव्हती, हे त्याचे तातडीचे निमित्त. आपल्याकडे एनआयसीचे ‘ई-ग्रंथालय’ही आहे. दोन्ही चांगली आहेत. पण तीन-चार हजार पुस्तकांच्या आणि अर्धवेळ ग्रंथपालाच्या शाळेने आधी दाखल नोंदवही एका गूगल शीटमध्ये उतरवावी, नाव-लेखक-कपाट असे तीनच रकाने मुलांना दिसतील असे करावे. सॉफ्टवेअरच्या प्रशिक्षणात वर्ष घालवण्यापेक्षा हे जास्त कामाचे.

आता पीडीएफचा प्रश्न, कारण तो प्रत्येक ग्रुपवर येतो. कुणीतरी अख्खे पुस्तक स्कॅन करून टाकते आणि सगळे ‘धन्यवाद’ म्हणतात. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क त्याच्या वारसांकडे राहतात. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणून त्यांचे लेखन १ जानेवारी २०११ पासून मुक्त आहे. ते हवे तितके वाटावे. फास्टर फेणेचे लेखक भा. रा. भागवत २००१ मध्ये गेले. त्यांच्या पुस्तकांसाठी २०६२ उजाडावे लागेल. वणीत जन्मलेले लोकनायक बापूजी अणे (२९ ऑगस्ट १८८० ते २६ जानेवारी १९६८) यांनी हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०२९ ला मुक्त होईल. बिहारचे राज्यपाल राहिलेल्या या माणसाने लोकमान्यांवर संस्कृतात महाकाव्य लिहिले आणि १९७३ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, हे वणीच्या किती मुलांना ठाऊक असेल? वणीच्याच लोकमान्य टिळक महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले राम शेवाळकर १९९४ मध्ये पणजीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. त्यांचे लेखन हक्काखाली आहे, पण त्यांच्या व्याख्यानांच्या ध्वनिमुद्रणाचा दुवा द्यायला कुणाची हरकत नाही. ग्रंथपालाला हे हिशेब पाठ हवेत. मुखपृष्ठाचा फोटो, स्वतःच्या शब्दांत परिचय, वाजवी लांबीचा उतारा: एवढ्यात पुस्तकाची ओढ लावता येते, आणि जिवंत लेखकाच्या ताटातलेही काही जात नाही.

मुलांची माहिती हा त्याहून नाजूक विषय. २०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाला बालक मानतो आणि पालकांची संमती मागतो. व्यवहारात याचा अर्थ इतकाच: नववीतल्या मुलींचे नंबर दोनशे जणांना दिसतील असा ग्रुप करायचा नाही. एकमेकांचे नंबर दिसणार नाहीत अशी ब्रॉडकास्ट यादी करायची, तीही पालकांच्या नंबरांची, आणि जूनमधल्या पालकसभेत सही घेऊन. कोण किती वाचते याची यादी ग्रुपवर लावायची नाही. कुणी काय वाचले हे ग्रंथपालाने स्वतःपाशी ठेवायचे, ही या पेशाची जुनी शिस्त फोनवरही तितकीच लागू आहे.

उरतो तो खर्च आणि वेळ. आज हे सगळे बहुतेक ठिकाणी ग्रंथपालाच्या स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या रिचार्जवर आणि रात्रीच्या वेळात चालते. अर्ध्या पगाराच्या माणसाकडून रात्री दहा वाजता ‘मॅडम, उद्या निबंध आहे’ याला उत्तराची अपेक्षा धरणे अन्याय आहे, आणि जो असा वेळ देतो त्याचे नुसते कौतुक करून शाळेने मोकळे होणे हाही अन्यायच. शिवाय फॉर्म, शीट, ड्राइव्ह, यादी हे सगळे त्याच्या खासगी खात्यावर असते. तो निवृत्त झाला किंवा समायोजनात दुसरीकडे गेला की पाच वर्षांचे काम पासवर्डासकट निघून जाते. पुढच्या माणसाला पुन्हा कोऱ्या शीटपासून सुरुवात करावी लागते. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनच्या अखेरीस उघडतात. त्याआधी शाळेच्या नावाने एक सिम, शाळेच्या नावाने एक ईमेल खाते, ग्रंथालयासाठी एक साधा स्मार्टफोन आणि उत्तर देण्याची ठरलेली वेळ, समजा संध्याकाळी सात ते आठ, एवढे मुख्याध्यापकांच्या सहीने ठरले आणि त्या तासाची नोंद कामाच्या तासांत झाली, तर पुढच्या पानांत जे जे सांगितले आहे ते सुरू करायला वणीतल्या कोणत्याही शाळेला दुसरे काही लागणार नाही.